मारोतीचा पाचवा फाउल

रेफरीची शिट्टी वाजली. त्यानं स्कोअररच्या टेबलाकडे वळून तीन बोटं वर केली. मारोतीचा तिसरा फाउल. हाफटाइमला अजून बराच वेळ होता.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर प्रिन्सिपॉल साहेब बसले होते. हैदराबादचे, उर्दूत शिकलेले, शेरवानी सोडून नुकतेच कोट घालायला लागलेले. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मास्टर, ये लड़का बास्केटबॉल खेलने आया है या कुश्ती लड़ने?"

दुसऱ्या हाफमध्ये मारोतीचा चौथा झाला, लगेच पाचवा झाला आणि तो बाहेर आला. नऊ पॉइंटनं पुढे असलेली आमची टीम तीन पॉइंटनं हरली. घरच्या मैदानावर.

आदिलाबादच्या इंटर कॉलेजात मी फिजिकल डायरेक्टर होतो. सकाळी ड्रिल, संध्याकाळी खेळ. छप्पन सालचा ऑक्टोबर होता. दसरा झाला होता, शेतात कापूस फुटायला लागला होता आणि हैदराबाद स्टेट मोडायचं ठरलं होतं. पहिल्या नोव्हेंबरपासून आमचा जिल्हा आंध्रात जाणार होता. त्यातले काही तालुके मात्र तोडून मुंबई राज्यात. मारोती ढुमणे हा राजुरा तालुक्यातल्या एका खेड्याचा. कॉलेज इकडे, घर तिकडे, अशी त्याची गत होणार होती. माझी स्वतःची फाइलही कुठल्या तरी टेबलावर पडून होती. मला इकडे ठेवायचं की मराठवाड्यात पाठवायचं, ते ठरत नव्हतं.

मारोतीची उंची सहा फूट चार इंच. वर्गात शिरताना वाकायचा. अशा पोराला बास्केटबॉलमध्ये सेंटर म्हणतात. तो बास्केटखाली उभा राहतो, रिबाउंड म्हणजे हुकून परत आलेला बॉल घेतो आणि समोरच्यानं आत घुसायचा प्रयत्न केला की वाट अडवतो. हे सगळं अंगाला अंग घासून चालतं, म्हणून फाउल सगळ्यात जास्त त्याच्याच वाट्याला येतात. धक्का दिला, हात मारला, धरलं, की फाउल. एका मॅचमध्ये पाच झाले की तो खेळाडू गेला. सेंटरचे तीन लवकर झाले तर कोचची पंचाईत होते. खेळवावा तर पाचवा व्हायची भीती, बसवावा तर बास्केट मोकळं.

पुढची मॅच मंचेरियलला होती, आठवड्यानं. हरलो तर सीझन संपला. ती मॅच बघायला हैदराबादहून एक सिलेक्टर येणार होते. स्टेट टीमच्या कॅम्पसाठी नाव गेलं की पोलिसात किंवा रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी लागायची. मारोतीच्या वडलांनी तर निरोपच धाडला होता, की दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर पोराला घरी बोलावतो, कापूस वेचायला माणसं कमी आहेत.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉल साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं.

"उस लंबे को बिठा दो," ते म्हणाले. "वैसे भी नवंबर के बाद वो हमारा रहेगा नहीं."

"साहब, उसके बग़ैर मंचेरियल से नहीं जीतेंगे."

"उसके साथ भी तो नहीं जीते."

मी एक आठवडा मागून घेतला.

कोचला पहिला संशय हातांचा येतो. उंच पोरांना सवय असते, वरून हात खाली मारायची. बॉल हुकला की तो हात दुसऱ्याच्या मनगटावर बसतो. मी मेसमधून कांदे आणले आणि मारोतीच्या दोन्ही मुठींत एकेक दिला. "कांदे न सोडता डिफेन्स कर." मुठीत काही असलं की माणूस धरू शकत नाही, मारू शकत नाही. त्याला पायानंच खेळावं लागतं. पोरं हसली. मारोती हसला नाही. दोन दिवस त्यानं इमानानं कांदे धरले. त्याच्या हाताला वास मारायचा, पण हात वर राहायला लागले.

तिसऱ्या दिवशी गावातल्या क्लबबरोबर प्रॅक्टिस मॅच घेतली. मारोतीचे हात वर होते आणि फाउल तेवढेच होते. पाच.

मॅच संपल्यावर तो बोअरिंगपाशी तोंड धूत बराच वेळ उभा राहिला. मी जवळ गेलो तर म्हणाला, "सर, मी जातो गावाले. तुमाले काऊन तरास?"

"उद्या ये," मी म्हटलं. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी मी जागा बदलली. रोज मी मैदानाच्या कडेला उभा राहून मारोतीकडे बघायचो. त्या दिवशी बास्केटच्या मागे, व्हरांड्याच्या पायऱ्यांवर बसलो आणि मारोतीला सोडून बाकीच्या चौघांकडे बघायला लागलो.

थोड्या वेळात मला जे दिसलं ते आधी का दिसलं नव्हतं, याचं नवल वाटलं. डिफेन्सला प्रत्येकानं समोरच्या टीमचा एकेक माणूस सांभाळायचा असतो. मारोतीला नेमून दिलेल्या माणसावर त्याचा एकही फाउल होत नव्हता. तो माणूस त्याच्या कह्यात असायचा. सगळे फाउल दुसऱ्यांच्या माणसांवर. समोरचा गार्ड, म्हणजे बॉल घेऊन पुढे येणारा खेळाडू, आमच्या गार्डला चुकवून आत घुसायचा, मग मारोती आपला माणूस सोडून वाट अडवायला धावायचा, आणि धडक.

इथं नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. घुसणाऱ्याच्या वाटेत तुम्ही आधी येऊन पाय रोवून उभे असाल आणि तो येऊन आदळला, तर फाउल त्याचा. त्याला चार्ज म्हणतात. पण तुम्ही अजून सरकत असाल, तर तीच धडक, तोच आवाज, आणि फाउल तुमचा. फरक एका पावलाचा. मारोती दर वेळी ते एक पाऊल उशिरा पोचत होता.

आणि आत घुसणारा बहुतेक वेळा कुणाचा माणूस होता? राजलिंगमचा.

राजलिंगम आमचा कॅप्टन, सगळे त्याला लिंगमच म्हणायचे. नेरडीगोंड्याजवळच्या गावचा, अंगानं बुटका, हातानं बिजलीसारखा. समोरच्याच्या हातातला बॉल झडप घालून पळवायचा, आणि पब्लिक ओरडून मैदान डोक्यावर घ्यायचं. पण झडप चुकली की तो मागे पडायचा आणि त्याचा माणूस मोकळा सुटायचा. पब्लिकला ते दिसत नसे. त्यांना दिसायची ती मारोतीची धडक.

मी मारोतीला बाजूला घेतलं.

"लिंगमचा माणूस सुटला की तू उशिरा निघतोस. का?"

तो खाली बघत राहिला.

"मारोती, विचारून राह्यलो मी."

"सर, थो वरडते ना. एडमा, कुडी. तेलुगूत. एडमा म्हन्जे डावीकडं, कुडी म्हन्जे उजवीकडं. समजते मले. सगळं समजते. पन कानातून पायात उतरेपावतर थो पोट्टा माह्या पुढं येऊन राह्यते."

पोरगा दोन वर्षं तेलुगू बोलत होता, बाजारात भाव करत होता. पण मैदानावर शब्द कानावर पडायचा, मनात मराठी व्हायचा आणि मग पाय उचलायचा. एक पाऊल तिथंच जात होतं.

आधी आमच्या टीमचे आवाज उर्दूत असायचे, दायाँ, बायाँ. शाळेत उर्दू सगळ्यांच्याच कानावरून गेलेली. त्या वर्षी लिंगम कॅप्टन झाला आणि त्यानं आवाज तेलुगूत केले. राज्य तेलुगूचं होणार होतं, त्याला त्याचा हुरूप होता. त्यात गैर काही नव्हतं. पण हॉस्टेलच्या मेसमध्ये तोवर मराठी आणि तेलुगू पोरांची टेबलं वेगळी झाली होती. एकदा ताटं फेकण्यापर्यंत गोष्ट गेली होती.

मी प्रिन्सिपॉल साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मास्टर, ज़बान का मसला मैदान पर मत लाइए. अभी नहीं. और आप तो बिलकुल नहीं."

त्यांचं बरोबर होतं. मी मराठी. मी तेलुगू आवाज बंद करा म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत कॉलेजच्या गेटवर गर्दी जमली असती. मारोतीचं तर विचारायलाच नको.

रात्री जेवताना सुचलं. कुठल्याच भाषेतला नाही असा आवाज पाहिजे. नावं! ज्याचा माणूस सुटला त्यानं स्वतःचं नाव ओरडायचं, बस्स. कोण कुठं उभा आहे हे मारोतीला पाठ होतं. 'लिंगम' ऐकलं की लिंगमच्या बाजूला पाऊल. त्याचं भाषांतर करायची गरज नव्हती.

सकाळी पोरांना सांगितलं. तिघांनी लगेच मान डोलावली. लिंगम बुटाची नाडी बांधत बसला.

प्रॅक्टिस सुरू झाली. तिघं ओरडायला लागले आणि मारोती वेळेवर पोचायला लागला. पाय रोवलेले, हात वर. समोरचा येऊन त्याच्या छातीवर आदळायचा आणि मागे पडायचा. मारोतीच्या तोंडावर त्या आठवड्यात पहिल्यांदा हसू दिसलं. फक्त लिंगमचा माणूस सुटला की मैदानावर शांतता. आणि धडक.

मी लिंगमला थांबवलं. "आवाज क्यों नहीं देता?"

"सर, मैं अपना नाम चिल्लाऊँ तो पब्लिक क्या समझेगा? लिंगम पिट गया. यही ना?"

"हाँ. यही."

"नक्को सर. मैं कॅप्टन है."

"तू पिटता है, फाउल उसके नाम पे जाता है. वो चलेगा तेरे को?"

त्यानं बॉल दोनदा जमिनीवर आपटला. "एडमा-कुडी बोलूँगा. समझना उसका काम है."

कॅप्टनला बसवायची सोय नव्हती. त्याच्याइतका बॉल हाताळणारा दुसरा कुणी नव्हता. असं अर्धवट घेऊन आम्ही मंचेरियलला गेलो.

स्टेशनजवळचं मैदान. मुरमावर कोळशाची काळी भुकटी बसलेली, चुन्याच्या रेघा त्यावर ठळक दिसत होत्या. खाणीतली माणसं पाळी संपवून तशीच आली होती. दोरीच्या मागे मुंगी शिरायला जागा नव्हती. सिलेक्टर साहेब स्कोअररच्या टेबलापलीकडे बसले होते, हॅट मांडीवर. रेफरी फौजेतून आलेले एक पोक्त गृहस्थ. कुणाशी हसत नव्हते, बोलत नव्हते. मला ते बरं वाटलं.

मंचेरियलचा एक नंबरचा गार्ड लिंगमपेक्षा चपळ होता. त्यानं सुरुवातीलाच लिंगमची झडप चुकवली आणि आत घुसला. मारोती उशिरा. धडक. एक फाउल. थोड्या वेळानं पुन्हा तेच. दोन. बाकी बाजूंनी मारोतीनं भिंत उभी केली होती, रिबाउंड सगळे त्याचे. हाफटाइमला आम्ही सहा पॉइंटनं पुढे होतो.

पाणी पिताना मी लिंगमला एवढंच म्हटलं, "दोनों फाउल तेरे हैं." त्यानं ऐकलं. तोंड फिरवलं.

दुसऱ्या हाफमध्ये तिसरा. मग लगेच चौथा. मी मारोतीला बाहेर घेतलं. इलाज नव्हता. तो माझ्या शेजारी बाकावर बसला, टॉवेल डोक्यावर घेऊन. मंचेरियलच्या पोरांना बास्केट मोकळं सापडलं. सहाची आघाडी चारवर आली, दोनवर आली, मग स्कोअर सारखा झाला. फळ्यावर खडूनं आकडे लिहिणारा माणूस पुसता पुसता दमला.

मागून प्रिन्सिपॉल साहेब म्हणाले, "अब उसे मत भेजना. पाँचवाँ हुआ तो सिलेक्टर के सामने तमाशा होगा."

मंचेरियलनं अजून एक बास्केट टाकलं. आम्ही दोननं मागे. पाचेक मिनिटं उरली होती. मी टाइमआउट मागितला.

पोरं भोवती जमली. घामानं आणि काळ्या भुकटीनं सगळ्यांची तोंडं एकसारखी झाली होती. मी मारोतीला म्हटलं, "उठ." तो उठला. मला वाटलं आता मला लिंगमला काही तरी सांगावं लागेल, पण काय सांगावं ते सुचत नव्हतं. तेवढ्यात मारोतीच त्याच्याजवळ गेला. त्याच्यापुढे तो केवढा तरी उंच. वाकून, हळू आवाजात, तेलुगूत म्हणाला,

"पेरु चेप्पु, अन्ना."

नाव सांग, दादा. इतकंच.

लिंगमनं वर पाहिलं. शिट्टी वाजली आणि सगळे आत गेले.

मारोती आत येताच मैदान ओरडायला लागलं. "ऐदू! ऐदू!" ऐदू म्हणजे पाच. त्यांना पाचवा फाउल पाहिजे होता, आणि त्यांच्या गार्डलाही तोच पाहिजे होता. आता तो बास्केट टाकायला घुसणार नव्हता, मारोतीवर आदळायला घुसणार होता. हे मला कळत होतं, मारोतीला कळत होतं, सिलेक्टर साहेबांनाही कळलं असावं, कारण ते खुर्चीत पुढे सरकून बसले.

लिंगमनं एक बास्केट टाकलं. स्कोअर बरोबरीत. बॉल मंचेरियलकडे. त्यांचा गार्ड सावकाश ड्रिबल करत आला. लिंगम समोर. मी मनात म्हणत होतो, झडप घालू नकोस, घालू नकोस. त्यानं घातली. चुकली. गार्ड त्याच्या बाजूनं निसटला आणि बाणासारखा आत निघाला.

"लिंगम!"

एवढ्या कल्लोळातही तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला. घसा फाडून ओरडला होता पोरगा. "लिंगम! लिंगम!"

मारोतीनं आवाजाबरोबर पाऊल टाकलं. एक, आणि दुसरं. पाय रोवले. दोन्ही हात सरळ वर, मुठी मिटलेल्या. गार्ड पूर्ण वेगानं त्याच्या छातीवर आदळला. दोघंही खाली पडले. भुकटीचा लोट उठला.

शिट्टी.

मैदान वेडं झालं. "ऐदू! ऐदू!" खाणीतले लोक दोरी ओलांडून आत यायला लागले. मारोती जमिनीवर बसूनच राहिला, उठेना. त्याची नजर रेफरीवर. रेफरी चालत धडकेच्या जागी आले. खाली बघितलं, मारोतीच्या बुटांचे ठसे जिथं होते तिथं. मग टेबलाकडे वळले, डोक्यामागे एक हात नेला आणि दुसऱ्या हातानं मंचेरियलच्या गार्डकडे बोट दाखवलं.

चार्ज. बॉल आमचा.

आरडाओरडा झाला. एक बाटली आत आली. रेफरी तसूभर हलले नाहीत. "खेल शुरू करो, नहीं तो मॅच इनको दे दूँगा," एवढंच म्हणाले. दोरी परत मागे गेली.

लिंगमनं हात देऊन मारोतीला उठवलं. आणि मग शेवटची मिनिटं तो सारखा ओरडत राहिला. माणूस सुटला तरी, सुटेल असं वाटलं तरी. पुढे पुढे मंचेरियलचं पब्लिकच त्याची नक्कल करून "लिंगम! लिंगम!" करायला लागलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. तीन पॉइंटनं आम्ही जिंकलो. मारोतीचे फाउल चारच राहिले.

सिलेक्टर साहेबांनी जाताना दोघांची नावं विचारली. प्रिन्सिपॉल साहेबांनी मोठ्या आवाजात सांगितली, हिज्ज्यांसकट, एकेक अक्षर सुटं करून.

कॅम्प मात्र झाला नाही. नोव्हेंबर उजाडला, हैदराबाद स्टेट संपलं आणि त्याची टीमही संपली. ज्या राज्यासाठी निवडायचं तेच राहिलं नाही. पुढच्या फेरीत आम्ही हरलो. वडलांना कसंबसं समजावून मारोतीनं मार्चपर्यंत कॉलेज केलं, परीक्षा दिली आणि गावी गेला. वडलांच्या शेतात एक हंगाम काढून तिकडेच पोलिसात भरती झाला, तिथल्या टीममध्ये बरीच वर्षं खेळला. लिंगम मास्तर झाला. मला शेवटी इकडेच ठेवलं, कुणी आणि का ते मला आजतागायत कळलं नाही.

त्यानंतर कितीतरी उंच पोरं माझ्या हाताखालून गेली, आणि प्रत्येकाबद्दल कुणी ना कुणी येऊन सांगायचं, की हा फार फाउल करतो. मी हो म्हणायचो, आणि पहिले दोन दिवस बाकीच्या चौघांकडे बघत बसायचो. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागलं.